अपूर्णांक संपल्याची खूण

रविवार, ९ जून

ताई,

नमस्कार. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या भावजयीचा गुडघा आता तिला जिना चढू देतो, त्यामुळे घरभर तिची नजर पुन्हा फिरू लागली आहे आणि मी पुन्हा शिस्तीत आलो आहे. तू कशी आहेस? तुझ्या छापखान्यातल्या मास्तरांचा खोकला कसा आहे? मागच्या फोनवर तू 'सगळं छान' म्हणालीस. तुझ्या 'सगळं छान'चा अर्थ लावायला मला चाळीस वर्षं पुरली नाहीत, तरी विचारतो.

कागदावर बोट ठेवताच तुला कळलं असेल की हे ब्रेल हाताने टोचलंय. तूच शिकवलेलं, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. वीस वर्षांनी पाटी आणि टोचणी हातात घेतली. चुका सापडतील, सांभाळून घे. कॉम्प्युटरवरून पाठवलं असतं तर तुझ्या त्या पडदा वाचणाऱ्या यांत्रिक बाईने अख्ख्या खोलीला खणखणीत आवाजात ऐकवलं असतं, आणि मास्तर काम सोडून कान देऊन बसले असते. हे फक्त तुझ्यासाठी आहे. लिहायला बसलो त्याला हा तिसरा रविवार. अंगठ्याला घट्टा पडला.

ऑफिसात विशेष काही नाही. बसची वेळापत्रकं जुळवणारं आमचं सॉफ्टवेअर अजूनही सात नंबरच्या बसला दुपारी दोन ड्रायव्हर देतं आणि संध्याकाळी एकही नाही. साहेब म्हणतात, सरासरी बरोबर आहे.

आता मजकुराचं ब्रेल करून देणाऱ्या आपल्या प्रोग्रामबद्दल. मी आपला म्हणतो, कारण पहिलं पुस्तक छापायला तुला तो हवा होता म्हणून मी लिहिला, आणि 'त्याला कुलूप लावू नकोस, ज्याला हवा त्याला घेऊ दे' हे तूच म्हणालीस. लोकांनी घेतला. शाळांनी घेतला, वाचनालयांनी घेतला. कुठे कुठे चालतो ते मलाही नीट माहीत नाही. सांभाळणारे आम्ही एके काळी अकरा जण होतो, आता सहा उरलोय. सगळे आपापल्या नोकऱ्या संपवून बसणारे. त्यातली जनावरांची डॉक्टरीण तुला आठवत असेल, जिचे वडील अंध आहेत. दिवसभर गाई-घोडे तपासते, मग आम्हाला.

गेली चार वर्षं तिचा आणि माझा एकच वाद चालू आहे, आणि तो तुला कधी सांगितला नाही. प्रोग्राम एकटा उभा नसतो, ताई. पुष्कळ कामं आपण दुसऱ्यांनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांकडून करून घेतो. ओळ कुठे तोडायची, हे काम तसंच उसनं. आपल्या एका फाइलमध्ये फक्त एवढं लिहिलेलं असतं, की त्या प्रोग्रामची कमीत कमी अमुक आवृत्ती हवी. तो आकडा वर न्यायचा की नाही, एवढाच वाद. लवकर नेला तर जुनी मशीनं मागे राहतात. उशिरा नेला तर सगळ्यांनाच जुन्याचं ओझं वाहावं लागतं. साधारण रीत अशी, की तीन वर्षांहून जुनं असेल ते सोडून द्यायचं. आम्ही सात वर्षं मागे होतो. तिघे जण तर त्यालाच कंटाळून गेले. म्हणाले, अर्धा वेळ जुन्याला टेकू देण्यात जातो.

मी दर वेळी एकच सांगायचो, की जुन्या मशीनवर चालणाऱ्या संस्था आहेत.

"किती?" डॉक्टरीण विचारायची.

"बऱ्याच."

मागच्या महिन्यात तिने सरळ विचारलं, "एक नाव सांग. फक्त एक. मी पुन्हा विषय काढणार नाही."

सहा जण फोनवर, आणि कुणाच्या तरी घरचा कुत्रा भुंकत होता.

मग म्हणालो, "माझी बहीण आहे."

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "अरे, मग हे चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस? आणि तिला विचारलंस का, तिला काय हवंय ते?"

नाही विचारलं, ताई. मी धरून चाललो होतो. तुझं ते ठिपके उठवणारं मशीन जुन्या कॉम्प्युटरशिवाय बोलत नाही, त्या कॉम्प्युटरवर नवं काही चढत नाही, आणि मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. आकडा वर नेला की आपली नवी आवृत्ती तुझ्याकडे बसणारच नाही. जुनी चालत राहील, पण जशी आहे तशीच. म्हणून मी आकड्याला हात लावू दिला नाही. तुझ्यासारखाच एक जुना कॉम्प्युटर विकत आणून टेबलाखाली ठेवलाय. प्रत्येक आवृत्ती आधी त्याच्यावर चालवून बघायची, मगच बाहेर सोडायची. तुझी भावजय त्याला 'नणंदबाई' म्हणते. झाडताना म्हणते, "नणंदबाई, पाय वर घ्या."

इथवर वाचून तुला वाटेल, भाऊ किती गुणाचा. म्हणूनच मी इतका वेळ इथे थांबलोय. पुढचं लिहायचं टाळतोय.

गेल्या सप्टेंबरात एका शाळेने कळवलं, की अपूर्णांक ओळीच्या शेवटी आला आणि तुटला, तर तो संपल्याची खूण कधी कधी गळते. तीन छेद चार, अधिक दोन. खूण गळली की 'अधिक दोन' खालच्या चारला जाऊन चिकटतं. पावणेतीन यायच्या जागी उत्तर अर्धा येतं. चूक आपली नव्हती, त्या उसन्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत होती. नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेली होती. म्हणजे आकडा वर न्यायचा, की काम संपलं. तो खालीच राहिला, तर नवं घ्यायला हवं हे कुणाच्याच कॉम्प्युटरला कळणार नव्हतं.

मी आकडा वर नेला नाही. आपल्याच प्रोग्राममध्ये वरून ठिगळ लावलं. सगळ्यांना सांगितलं, तपासलंय, पुरेसं आहे.

साधा अपूर्णांक तपासला होता. अपूर्णांकाच्या पोटातला अपूर्णांक तपासला नाही. राहून गेला असं मी डॉक्टरिणीला सांगितलं. तुला खरं सांगतो, राहून गेला नाही. तपासला आणि फसला, तर आकडा वर न्यावाच लागेल हे मला कळत होतं. म्हणून तपासला नाही. मे महिन्यात दुसरं पत्र आलं. तिथेच फसला होता.

म्हणजे गेले नऊ महिने तू जी गणिताची पुस्तकं छापलीस, त्यांत ही चूक असू शकते. मला सप्टेंबरपासून माहीत होतं. दर पंधरवड्याला मी तुला फोन केला, मशीन कसं आहे विचारलं, आणि हे सांगितलं नाही.

चार वर्षं मला तुझ्याकडे येणं जमलं नाही. कारणं तुला पाठ आहेत, मीच पुन्हा पुन्हा सांगितलीत. शिकून परत येईन, छापखाना दोघं चालवू, असंही मीच म्हणालो होतो. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण टेबलाखालच्या त्या डब्यासाठी मला कधी वेळ कमी पडला नाही. आता वाटतं, मी तुझी काळजी घेत नव्हतो. तुझ्याकडे न येण्याची भरपाई करत होतो, आणि तीही जगभरच्या लोकांच्या खिशातून.

महिनाअखेरीला निर्णय करायचा आहे. या वेळी विचारतोय. आकडा वर नेऊ का? तू नको म्हणालीस तर डॉक्टरीण म्हणते वेगळा मार्ग काढू, आणि ती शब्दाची पक्की आहे.

आधी पुस्तकं तपास. माझ्यावर रागवायला पुढे आयुष्य आहे.

बारक्या


बुधवार, १९ जून

बारक्या,

तुला आशीर्वाद, आणि एक धपाटा. कुठला आधी घ्यायचा ते तू ठरव.

तुझ्या पत्रात एक्केचाळीस चुका आहेत. मास्तरांना दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी तुला पुन्हा पहिलीत बसवलं असतं. भावजयीला सांग, 'नणंदबाई' ऐकून मी इतकी हसले की शेजारचा शिंपी बघायला आला. गुडघ्याला जप म्हणावं. मास्तरांचा खोकला आहे तिथेच आहे.

आता ऐक. ती चूक आम्हाला नोव्हेंबरातच सापडली.

मास्तर प्रत वाचत होते. त्यांचं बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं, परत मागे. म्हणाले, "बाई, हा अपूर्णांक संपलाच नाही. अजून चालूच आहे." गणित शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याच्या बोटाखालून काय सुटणार? तेव्हापासून गणिताचं प्रत्येक पान ते दोनदा वाचतात आणि राहिलेली खूण हाताने टोचतात. चार पुस्तकं झाली. तेव्हा नऊ महिन्यांची झोप उडवून घेऊ नकोस. फार तर दोन महिन्यांची उडव.

तुला का नाही कळवलं? लिहितानाही माझा हात थांबतोय. तू फोन करतोस तो मशीन कसं आहे ते विचारायला. चूक सांगितली असती, तर तू म्हणाला असतास, ताई, आता मशीन बदल. मशीन बदललं, सगळं नीट चालू लागलं, की मग तू काय विचारायला फोन करणार? असा हा माझा हिशोब होता. एकोणपन्नास वर्षांची बाई, छापखाना चालवते, आणि हिशोब असला. तेव्हा तू एकट्यानेच गुन्हेगार होऊन मिरवू नकोस.

पण एक गोष्ट आहे, ती तुला सांगायलाच हवी. नोव्हेंबरच्या आधी एक पुस्तक बाहेर गेलं होतं.

वरच्या वर्गातली एक मुलगी आहे. जन्मापासून अंध, डोळस मुलांच्या शाळेत जाते. तिने ते नेलं. जानेवारीत तिची आई पुस्तक परत करायला आली. म्हटलं, इतक्यात संपलं? आई म्हणाली, "नाही हो, ती गणित सोडतेय. तीन आठवडे एकाच उदाहरणसंग्रहावर बसली होती. वर्गात सगळ्यांची उत्तरं येतात, हिची बहुतेक चुकतात. म्हणते, मला डोकंच नाही."

मी पुस्तक उघडलं. चौदा उदाहरणं. नऊ ठिकाणी खूण नव्हती.

त्याच दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती येईना बाहेर. मी तिच्या खोलीच्या दाराशी स्टूल ओढून बसले आणि तिथूनच म्हटलं, "हे पुस्तक मी छापलंय. चूक दाखवायला आलेय, माझी."

मग आली. तिचं बोट माझ्या हातात धरून मी ओळीच्या शेवटावर ठेवलं. "इथे काय आहे?"

"काही नाही."

"इथे खूण हवी होती. आता ती आहे असं समजून पुढे वाच."

तिने वाचलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होते?"

म्हटलं, "जे छापलं होतं, ते तू बरोबर सोडवलंस. छापलं चूक होतं."

मला वाटलं रडेल. रडली नाही. चिडली. म्हणाली, "तीन आठवडे! कुणाला कळत कसं नाही?" मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. चिडलेल्या मुलीचं काही बिघडत नाही. मग तिने मला तिथेच बसवून उरलेली सगळी उदाहरणं तपासून घेतली. शेवटी मीच दमले.

हे मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं. तू ठिगळावर विसंबून बसला होतास, मी मास्तरांच्या बोटावर. आणि ज्यांच्याकडे मास्तर नाहीत त्यांचं काय झालं असेल? तुझं पत्र वाचल्यापासून हाच विचार डोक्यात आहे. अशा मुली अजून कुठे कुठे असतील. त्यांच्या दाराशी स्टूल घेऊन कोण बसलं असेल?

ने तो आकडा वर. परवानगी कसली मागतोस? चार वर्षं माझ्या नावाने तू सगळ्यांना थांबवून ठेवलंस, आणि मला पत्ता नाही. मी काय काचेची आहे? इकडची एक शाळा बंद झाली, तिचं मशीन दोन वर्षांपासून आमच्या मागच्या खोलीत खोक्यात पडून आहे. नवीनच म्हणायचं. मी ते उघडलं नाही, का ते वर लिहिलंय. काल मास्तरांनी खोका उघडला. एक खिळा त्यांच्या बोटात गेला, फार नाही. वाचायच्या बोटात नव्हे.

आम्ही ते लावू, तुझ्यावाचून अडणार नाही. जुन्यावर मी या आठवड्यात शेवटचं पुस्तक काढतेय.

तरी आलास तर ये. कशासाठी, ते विचारू नकोस. काम सांगितलं, की तू काम करून निघून जाशील.

ताई


रविवार, ७ जुलै

ताई,

पत्र मिळालं. धपाटा आधी घेतला.

आकडा वर नेला. सोमवारी सकाळी चहा घेता घेता. एका ओळीतला एक आकडा खोडून दुसरा लिहिला, अर्धं मिनिटही लागलं नाही. डॉक्टरिणीने कळवलं, "शेवटी!" आणि लगेच मागोमाग, "बहीण काय म्हणाली?" मी म्हटलं, बहीण रागावली. ती म्हणाली, "मला आवडेल ही बाई."

सोबत एक निवेदनही लिहिलं. दर आवृत्तीबरोबर लिहितो तसलं तीन ओळींचं नाही. चूक काय आहे, कोणत्या महिन्यापासूनची पुस्तकं तपासायची, कोणत्या पानांवर सापडेल, सगळं. आणि हेही, की सप्टेंबरात ती कळली होती, निर्णय मी लांबवला, आणि ठिगळ पुरेसं तपासलं नव्हतं. बाकीचे म्हणाले, एवढं कशाला, 'आम्ही' लिही. मी 'मी'च ठेवलं.

दोन दिवसांत सतरा ठिकाणांहून उत्तरं आली. तपासतोय, सापडली, आमच्याकडे नाही, अशी. एक उत्तर वेगळं होतं. एका वाचनालयातली बाई लिहिते, की आमच्याकडेही तसलंच जुनं मशीन आहे, बदलायला दुसरं नाही, आता आम्ही काय करायचं? ताई, चार वर्षं मी 'बऱ्याच संस्था' म्हणत होतो ते खोटं समजून. निदान एक तरी खरी निघाली, आणि तिला मी ओळखत नव्हतो. तिलाही कधी विचारलं नव्हतं.

म्हणून असं ठरवलंय. जुनी आवृत्ती एक वर्ष बाजूला जिवंत ठेवायची. नवं काही घालायचं नाही, फक्त ही अपूर्णांकाची दुरुस्ती, या खेपेला नीट तपासून. पोटातला अपूर्णांक, त्याच्याही पोटातला, सगळे. अर्धं काम डॉक्टरीण करणार. त्या वर्षात त्या बाईसाठी मशीन शोधायचं. आणि यापुढे आकडा वर न्यायच्या सहा महिने आधी सगळ्यांना उघड विचारायचं, की कुणाचं अडतंय का. सापडतील तेवढ्यांची उत्तरं वाचायची, मग ठरवायचं. थांबायचं की नाही, ते तेव्हाही आम्हालाच ठरवावं लागेल. पण कुणासाठी थांबलोय ते सगळ्यांना माहीत असेल.

एकोणीस तारखेला निघतोय. अकरा दिवसांची सुट्टी आहे. आम्ही दोघं येतोय. भावजय म्हणते, खऱ्या नणंदबाईंचे पाय धरायचेत, खोटीला रोज झाडून कंटाळले. तू म्हणालीस तसं कशासाठी ते विचारत नाही. मशीन लागलं असेल तर मास्तरांनी लावलेलं बघेन. नसेल लागलं तर त्यांच्या हाताखाली पाने-पक्कड धरेन.

एक मात्र मागतो. त्या मुलीला भेटायचंय. तू तिला जे सांगितलंस ते खरं, पण अर्धंच होतं, कारण उरलेलं तेव्हा तुलाही माहीत नव्हतं. छापताना खूण गळली, इतकंच तिला ठाऊक आहे. ती तीन आठवडे स्वतःला ढ समजत बसली, तेव्हा एका माणसाला हे माहीत होतं आणि तो गप्प होता, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. चिडेल. चिडू दे. तिच्या आईला तेवढं विचारून ठेव, आणि मी कोण, ते आधी सांगू नकोस. ते तिच्या समोर बसून मलाच सांगू दे.

तुझा भाऊ,
बारक्या